राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करणे

राउटर चालविणारी अंतर्गत आज्ञावली म्हणजे फर्मवेअर होय. तीतील उणिवा निर्माते वेळोवेळी दूर करतात. ती सुधारणा न घेतल्यास उपकरण परक्याच्या ताब्यात जाण्याचा संभव असतो. मे 2018 मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ने निदान 54 देशांतील सुमारे 5 लाख उपकरणे ग्रासली होती.

शिक्षकांनी पुढील क्रम पाळावा :

1. राउटरच्या तळावरील चिठ्ठीवरून मॉडेल व आवृत्ती टिपून घ्यावी.
2. त्याच मॉडेलचे फर्मवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे.
3. चालू सेटिंग्जची प्रत जपून ठेवावी.
4. संगणक तारेने जोडावा. मध्येच वीज गेल्यास राउटर निकामी होऊ शकतो. म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी.
5. अखेरीस नवी आवृत्ती पडताळावी व मूळचा पासवर्ड अवश्य बदलावा.