आठवड्यातून एकदा

संधिवाताने बोटे आखडलेल्या माझ्या वृद्ध मावशीला तिच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आठवड्यातून एकदाच घेण्यास सांगितले होते, आणि चिठ्ठीतही तसा स्पष्ट उल्लेख होता. परंतु दुसऱ्या महिन्याचे औषध ज्या दुकानातून आले तेथे पाकिटावर ‘रोज सकाळी ३’ असा मजकूर पडला, आणि छापील-लेखी शब्दाला आयुष्यभर मान देत आलेल्या मावशीने तो बिनचूक पाळला. काही दिवसांत तिचे तोंड आले. घरच्यांनी ती उष्णता समजून गुलकंद दिला, बी-कॉम्प्लेक्स दिले, आणि रोजच्या तीन गोळ्याही नेमाने चालू ठेवल्या. ताप चढून अंगावर काळेनिळे डाग उमटले तेव्हा मला बोलावणे आले. रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट फारच खालावल्या होत्या; फोलिनिक आम्लाच्या इंजेक्शनांनी व इस्पितळातील दीर्घ शुश्रूषेने ती बचावली.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यापैकी कोणी तरी हमखास विचारतो की, ज्या औषधाचे रक्तातील अर्धायुष्य थोड्याच तासांचे, ते आठवड्यातून एकदाच कसे पुरते? प्रश्न मार्मिक आहे. मेथोट्रेक्सेट पेशींत शिरल्यावर त्याला ग्लुटामेटचे एकामागून एक रेणू जोडले जातात, आणि असे लांबलेले रूप पेशीबाहेर सहज पडू शकत नाही. म्हणून रक्त निवळले तरी पेशींतील अंमल दीर्घकाळ टिकतो. रोज नवी मात्रा पडू लागली की साप्ताहिक मात्रा सातपट होते एवढेच नव्हे, तर अस्थिमज्जा आणि तोंडाचे अस्तर यांसारख्या अखंड विभाजन पावणाऱ्या पेशींना सावरण्यास मिळणारी उसंतही नाहीशी होते. १९४० च्या दशकात यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी लेडर्ली प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या फोलिक आम्लविरोधी द्रव्यांच्या कुळातले हे औषध प्रथम रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेले. संधिवातासाठी त्याची मात्रा अल्प ठेवली जाते, पण त्याचा मूळ स्वभाव बदलत नाही.

मावशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. हे औषध मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि गुडघ्यांसाठी ती डायक्लोफेनॅकही घेत असे, ज्याने मूत्रपिंडावर ताण येऊन औषधाचे उत्सर्जन मंदावू शकते. क्रिएटिनिनचा आकडा मात्र कागदावर निर्दोष दिसत होता. वृद्ध, कृश देहात स्नायूच थोडे असल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, आणि मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असूनही आकडा सरळ राहतो. वय व वजन हिशेबात घेतल्याखेरीज त्या आकड्यावर विसंबू नये. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी नव्याने लिहिलेली दिसली, तर ती देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावेच, कारण तीही फोलिक आम्लाच्याच मार्गात आडवी येते.

पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढे लिहून थांबू नका. रुग्णाला विचारून वार ठरवा, तो पूर्ण अक्षरांत लिहा, आणि त्याच्याच तोंडून तो वदवून घ्या. सोबत दिली जाणारी फोलिक आम्लाची गोळीही बहुधा तशीच लहान व पिवळी असते, म्हणून तिचे पाकीट आणि वार दोन्ही वेगळे ठेवा. पुढच्या महिन्यात ती व्यक्ती दुकानात आली की पैशांच्या आधी विचारा: तोंड आले आहे का, ताप, खोकला, धाप? उत्तर होकारार्थी आले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

अशा घटनेची नोंद २०१० पासून चालू असलेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे करता येते, आणि औषध देण्यातील चूकही त्यात कळवता येते. कार्यकारणाची खातरजमा होईपर्यंत खोळंबण्याची गरज नाही: रुग्णाची आद्याक्षरे व वय, संशयित औषध, झालेला त्रास व तो सुरू झाल्याची तारीख, आणि कळवणाऱ्याची माहिती एवढा तपशील अर्ज दाखल करण्यास पुरतो.