व्यवसायाची निवड : मुक्काम आणि टप्पा



दहावी-बारावीचे निकाल लागले की शिष्यवृत्तीसाठी खाते उघडावयास मुले आमच्या बँकेत येतात. सोबत वडील असतात. "पुढे काय ठरवलंय?" असे आम्ही विचारतो. मुलगा वडिलांकडे पाहतो, वडील मुलाकडे पाहतात आणि उत्तर येते, "बघू, मित्र घेतील तेच घेऊ." आम्हास या उत्तराचा राग येत नाही, कारण आम्ही स्वतः कला शाखा अशीच घेतली होती. पुढे नोकरी लागली, परंतु निवड आमची नव्हती, ही रुखरुख आजही आहे.

आपला आष्टी तालुका अवर्षणाचा. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांतील नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात. अशा घरातील मुलाची दोन वर्षे वाया गेली, तर त्याच्या आईवडिलांच्या कष्टाचे दोन हंगामही वाया जातात. म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नाही, सबंध घराचा आहे.

आज सर्वांत गर्दीची वाट म्हणजे स्पर्धा परीक्षा. आमच्या परिचयातील एका मुलाने पुण्यात खोली घेऊन सात वर्षे अभ्यास केला. खोलीभाडे वडिलांच्या उचलीतून जाई. मुलगा हुशार होता, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी. राज्यसेवेस मागासवर्गीय उमेदवारास ४३ वर्षांपर्यंत बसता येते. ही सवलत मोलाची आहे, पण तोवर वाट पाहत बसावे असा तिचा अर्थ नव्हे. मुलगा गावी परतला तेव्हा हाती पदवीखेरीज काही नव्हते, आणि वडील पुन्हा कोयत्यावर निघाले होते.

त्याचे चुकले कोठे? ध्येय मोठे होते, ही चूक नव्हे. बाबासाहेबांचेच उदाहरण पाहा. १९१३ साली ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यास नोकरीस गेले, परंतु जातीमुळे राहावयास जागा मिळेना, म्हणून ती सोडावी लागली. १९१८ साली त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली. पगारातून पैसे शिल्लक टाकले. शाहू महाराजांचे व नवल भथेना या मित्राचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन परतले आणि वकिली सुरू केली.

या हकिकतीत सिडनहॅमची दोन वर्षे आम्हास फार महत्त्वाची वाटतात. ती नोकरी त्यांचा मुक्काम नव्हती, टप्पा होता. त्या टप्प्याने घर चालले आणि ध्येयही शाबूत राहिले. पुण्याहून परतलेल्या मुलापाशी मुक्काम होता, मधला टप्पा मात्र नव्हता.

तेव्हा निवड करताना वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१) कोणते काम करताना मला कंटाळा येत नाही? आकडेमोड, यंत्र, शेती, शिकवणे, की रुग्णसेवा? मित्राची आवड ही आपली आवड नव्हे.

२) माझे घर किती वर्षे थांबू शकते? हा आकडा आईवडिलांसमोर बसून ठरवावा.

३) मधला टप्पा कोणता? दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांची पदविका करता येते. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. बँकेच्या लिपिक परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. टप्पा गाठल्यावरही मोठा अभ्यास करता येतो.

४) हे काम कोणाच्या अहिताचे तर नाही ना? तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले, ते उगीच नव्हे. पगार मोठा पण व्यवसाय व्यसनाचा किंवा फसवणुकीचा, अशी निवड आपली नसावी.

याबरोबर कागदपत्रांकडेही लक्ष द्यावे. जात प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा. व्यावसायिक अभ्यासक्रमास जायचे असल्यास जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. १९९० पासून बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, मात्र केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातीलच प्रमाणपत्र लागते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात. "मुलीला लांब कशाला पाठवायची?" असे म्हणणाऱ्या पालकांनी तर ही चौकशी आधी करावी. बीडपेक्षा नगर आपणास जवळ, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टी-नगर रेल्वेही सुरू झाली. अंतर पूर्वीइतके भिववणारे राहिलेले नाही.

शेवटी सभासद बांधवांना एक विनंती. आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, वायरमन आहेत, कारकून आहेत. प्रत्येकाने वर्षातून दोन विद्यार्थ्यांना जवळ बसवून आपले काम प्रत्यक्षात कसे असते, पगार किती, त्रास कोणता, हे खरेखरे सांगावे. आपल्या मुलांना उपदेश पुष्कळ मिळतो, माहिती मात्र कमी मिळते. आम्ही आमच्या काऊंटरपासून सुरुवात करीत आहोत. पुढच्या निकालानंतर येणारा एखादा मुलगा वडिलांकडे न पाहता "मी हे ठरवलंय" असे म्हणाला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जयभीम.