उष्ण जमीन, सेंद्रिय अम्ले आणि स्फुरद

पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलेल्या माणसाच्या कपड्यांस आंब लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. ही आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक ही सेंद्रिय अम्ले होत. अशीच अम्ले पिकांची मुळे जमिनीत सोडतात. शेणखत व पालापाचोळा कुजतानाही ती निर्माण होतात. त्यांचे प्रमाण अल्प असते, तथापि पिकास स्फुरद मिळण्याच्या कामी त्यांचे साहाय्य मोठे आहे. जमिनीच्या उष्णतामानाप्रमाणे हे साहाय्य कसे कमीअधिक होते, ते येथे पाहू.

अम्ले मातीस कशी चिकटतात?

कोकणातील जांभ्या जमिनीस तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. त्यांच्या जोडीस ॲल्युमिनियमची ऑक्साइडेही असतात. सुपर फॉस्फेटातील स्फुरद पाण्यात विरघळला, की तो या ऑक्साइडांच्या पृष्ठभागास घट्ट चिकटतो आणि त्याचा पुष्कळसा भाग त्या हंगामातील पिकास मिळत नाही. सेंद्रिय अम्लेही त्याच जागी चिकटतात. पृष्ठभागावर चिकटून राहण्याच्या या क्रियेस अधिशोषण म्हणतात. अम्लांनी जागा अडविली, म्हणजे स्फुरदास तेथे वाव कमी राहतो व तो मुळांस उपलब्ध होतो.

उष्णतेचे परिणाम

१. उष्णतेने चिकटण्याचा वेग वाढतो. अम्लांचा वाढतो, तसाच स्फुरदाचाही. जमीन दीर्घकाळ उष्ण राहिल्यास स्फुरद अधिक घट्ट बसत जातो.

२. चिकटलेले अम्ल किती टिकेल, हे बंधाच्या प्रकारावर अवलंबून असते. सैल बंध उष्णतेने ढिला होतो. परंतु ऑक्साइडाशी झालेला रासायनिक बंध सहसा सुटत नाही. कधी कधी उष्णतेने असे अधिशोषण वाढतेही. म्हणून येथे सर्वत्र लागू पडणारा एकच नियम सांगता येत नाही.

३. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा परिणाम जीवाणूंमार्फत होतो. अम्ले हे त्यांचे खाद्य आहे. पुरेशी ओल असता उष्णतामान १०° सें. ने वाढले, की त्यांचे काम साधारणतः दुप्पट होते. पाण्यात मोकळे असलेले अम्ल उबदार, ओल्या जमिनीत काही तासांतही नाहीसे होऊ शकते. कणास चिकटलेले अम्ल मात्र त्यांस सहजासहजी मिळत नाही.

तात्पर्य, उष्ण जमिनीत अम्लांचा साठा करून ठेवता येत नाही. त्यांचा पुरवठा सतत व मुळांजवळ होत राहिला पाहिजे.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. शेणखत शेतात उघडे पसरून दिवसचे दिवस उन्हात ठेवू नये. पसरल्या दिवशीच ते मातीआड करावे.

२. वरकस जमिनीत सुपर फॉस्फेट फोकून टाकू नये. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत, मुळांच्या टप्प्यात द्यावे. त्यामुळे स्फुरदाचा मातीशी संपर्क कमी येतो.

३. उन्हाळ्यात दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५०° सें. च्याही वर तापतो. भाजीपाल्याच्या ओळींत व कलमांच्या आळ्यांत गवत, पेंढा किंवा गिरिपुष्पाचा पाला पसरावा. जमीन थंड राहते, ओल टिकते आणि पाला हळूहळू कुजून अम्लांचा पुरवठा चालू राहतो.

ग्रामसेवकांस सूचना

सेंद्रिय खत स्फुरदयुक्त खताची जागा घेत नाही. ते त्याची उपयुक्तता वाढविते. खताची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधला जातो, म्हणून वरील विवेचन तेथे जसेच्या तसे लावू नये.

गावातील एका वाफ्यावर आच्छादन घालावे व शेजारचा तेवढाच वाफा उघडा ठेवावा. खत, बियाणे व पाणी दोहोंस सारखेच द्यावे. दुपारी दोन वाजता ५ सें. मी. खोलीवरील उष्णतामान दोन्हीकडे मोजावे, आणि शेवटी उत्पन्न शेतकऱ्यांसमक्ष तोलून दाखवावे. विकत घेतलेले खत मातीत अडकून पडू नये यासाठी आच्छादनाचा कितपत उपयोग होतो, ते मग ज्याचे त्यास पाहता येईल.