दुसरा टेक नाही!

गेल्या गॅदरिंगला आमचा गिटारवाला ऐनवेळी आजारी पडला आणि आम्ही प्रोग्रॅमच रद्द केला. गिटारशिवाय कसला रॉक? मी तर नुसता कीबोर्डवाला! नंतर एल्टन जॉनचं '१७-११-७०' ऐकलं आणि लाज वाटली.

१७ नोव्हेंबर १९७०, न्यूयॉर्कचा ए अँड आर स्टुडिओ. समोर शंभरेक श्रोते आणि एफएम रेडिओवर थेट प्रक्षेपण. म्हणजे चुकलं तर दुसरा टेक नाही. वाजवणारे तिघंच : २३ वर्षांचा एल्टन पियानोवर, डी मरे बेसवर, नायजेल ओल्सन ड्रम्सवर. लीड गिटार नाहीच. त्याच वर्षीच्या अल्बममधला पॉल बकमास्टरचा व्हायोलिनचा ताफाही इथे नाही.

मग पोकळी भरली कशी? पियानो सूर तर धरतोच, पण तालवाद्यासारखा ठोकलाही जातो. बेस नुसती साथ न करता स्वतःची सुरावट वाजवतो. मरे आणि ओल्सन गाण्यातही साथ देतात. 'बर्न डाउन द मिशन' तर १८ मिनिटं रंगतं! १९७१मध्ये याचीच रेकॉर्ड निघाली.

मित्रांनो, सजावट काढल्यावर उभं राहतं ते खरं स्ट्रक्चर. यंदा कुणीही आजारी पडो, आम्ही वाजवणार!