नोव्हेनाचे सूर लॅपटॉपवरून?

प्रश्न : माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनासारख्या उपासनेत कीबोर्डचे आवाज लॅपटॉपमधून घेतले तर चालतील का?

उत्तर : जरूर चालतील, मात्र पारख आवाजाच्या गोडव्याआधी कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबावरून करा. ४८,००० हर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. इतर यंत्रणा धरून एकूण विलंब १० मिलिसेकंदांवर राहिला, तर तो साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानी यायला लागतो तितकाच. गाणाऱ्यांना खटकत नाही. विंडोजवर त्यासाठी सहसा आसिओ हा कमी विलंबाचा ध्वनी ड्रायव्हर लागतो. यंत्राचा सूर उपासनेला शोभत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये पाइप ऑर्गनला मान देतानाच इतर योग्य वाद्यांनाही वाव ठेवला, आणि ग्रँडऑर्गसारखे मोफत सॉफ्टवेअर तर खऱ्या पाइपांचेच ध्वनिमुद्रित सूर वाजवते. ऐन प्रार्थनेत लॅपटॉप बंद पडेल, ही भीती मात्र रास्त आहे. शांत झालेल्या भाविकांची एकाग्रता तुटणे हे खरे नुकसान. म्हणून इंटरनेट आणि अपडेट बंद ठेवा, चार्जर लावलेला असू द्या आणि स्वतःचे आवाज असलेलाच कीबोर्ड घेऊन त्याची वायर मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला जोडून ठेवा. लॅपटॉप अडला, की तो चॅनेल उघडायचा.