तीन डोक्यांचा मासा, डोक्याला आराम

प्रश्न : माझी मुलगी ऑफिसातून दमून आली की ‘ड्रेज’ नावाचा मासेमारीचा गेम लावून बसते. परवा डोकावले, तर गळाला तीन डोक्यांचा मासा! भोवती धुके, अंधार, कसले कसले आवाज. ती म्हणते, ‘आई, हा खेळला की डोकं शांत होतं.’ भुताटकीने कुणाचे डोके शांत होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होते, आणि त्यात तुमची मुलगी एकटी नाही. न्यूझीलंडच्या ‘ब्लॅक सॉल्ट गेम्स’ या चिमुकल्या कंपनीचा हा गेम मार्च २०२३मध्ये आला आणि जगभर खेळला गेला.

खेळातल्या कोळ्याची होडी सुरुवातीलाच खडकावर फुटते. बेटावरचा महापौर त्याला दुसरी देतो, पण उधारीवर. (कर्ज कुठल्याच जगात चुकत नाही.) मग मासे पकडायचे, धक्क्यावर विकायचे, कर्ज फेडायचे आणि उरलेल्या पैशातून बरे इंजिन घ्यायचे.

खरी मजा होडीच्या पोटात आहे. तिथे चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येक माशाचा आकार वेगळा. वाम लांबलचक, शार्क आडवातिडवा. त्याला फिरवून, सरकवून बसवावे लागते. इंजिन, दिवे, जाळे यांनीही जागा अडवलेली. सगळे फिट्ट बसले की ट्रेनच्या गर्दीत चेंगरून आलेल्या माणसाला जे समाधान मिळते, ते तसेच चेंगरून आलेल्यालाच कळेल. खडकावर आपटलात तर एखादी चौकट निकामी होते आणि तिथला माल समुद्रात जातो, म्हणून ही मांडामांड नुसती वेळ घालवणे राहत नाही.

अंधार पडला की पडद्यावर एक डोळा उघडतो. कोळ्याची घबराट वाढत जाते तसा तो बावरून इकडेतिकडे फिरू लागतो. दिवसा मोकळ्या पाण्यातून गेलात, तिथेच आता खडक उभे असतात. पाण्याखालून काहीतरी पाठलाग करते. आणि गळाला विचित्र वाण लागते : तुम्ही पाहिलेला तीन डोक्यांचा मासा, किंवा अंगभर डोळे फुटलेला, बांगड्याच्या जातकुळीतला एक. मासेवाला त्यांना नेहमीपेक्षा जास्त भाव देतो, हे विशेष!

आता तुमच्या प्रश्नाचे मर्म. या खेळात भीती अंगावर धावून येत नाही, बहुतेकदा आपणच तिच्याकडे जातो. घड्याळ फक्त होडी चालताना किंवा काम करताना पुढे सरकते. समुद्रात नुसते थांबलात तर वेळही थांबतो. चहा करून या, काही बिघडत नाही. संध्याकाळी बंदर गाठून झोपलात तर रात्र उलटून जाते, घबराटही उतरते. पण काही मासे रात्रीच लागतात आणि होडीच्या पोटात दोन चौकटी रिकाम्या दिसतात. ‘एवढा एक घेऊ आणि परतू’ म्हणत आपण हावेपायी अंधारात शिरतो. भुतापेक्षा आपलाच लोभ जास्त घाबरवतो. मग दूरवर दीपगृहाचा उजेड दिसला की जीव भांड्यात पडतो. तो उजेड दिवसभर तिथेच होता, पण तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

ऑफिसातली भीती आपण ठरवून घेत नाही. वरिष्ठांचा फोन रात्री दहालाही येतो आणि तेव्हा घड्याळ थांबवता येत नाही. ‘ड्रेज’मध्ये येते. माझ्या मते तुमच्या मुलीच्या आरामाचे कारण हेच. गोधडीत शिरून नारायण धारपांच्या भयकथा वाचणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

मात्र सगळ्यांनाच हे मानवेल असे नाही. कथा पुढे बरीच काळोखी होत जाते. लहान मुलांच्या हाती देऊ नये. तुम्हाला स्वतःला खेळून बघायचे असेल, तर नंतर आलेला एक पर्याय सेटिंग्जमध्ये सापडेल. तो सुरू केला की पाण्यातले प्राणी हल्ला करत नाहीत. मी तो दोन संध्याकाळी चालू ठेवला आणि बंद केला. मासे तितकेच मिळत होते, पण बंदरावर पोचल्याचे काही वाटेना.