शाळाबंदीचा काळ आणि आपला दवाखाना

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आठ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई तिसऱ्यांदा माझ्याकडे आली होती. तक्रार तीच, सकाळी पोटात दुखते. आधीच्या दोन खेपांना मी पोट तपासले, लघवीची तपासणी करून घेतली, जंताचे औषध दिले, आम्लपित्ताचे दिले. गुण आला नाही. तिसऱ्या खेपेला मुलीची दृष्टी समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर खिळलेली दिसली, म्हणून सहज म्हटले, "वाच बघू वार." तिने रविवार, सोमवार, मंगळवार असे सातही वार खडाखडा म्हणून दाखविले. मला बरे वाटले. मग मी मधल्याच 'गुरुवार' या शब्दावर बोट ठेवले. ती गप्प झाली. 'शनिवार'वर ठेवले, तरी गप्प. वार तिला पाठ होते, वाचता येत नव्हते.

आई खाली मान घालून म्हणाली, "पहिलीत असताना वाचायची ओ डॉक्टर. सगळं इसरली."

जून २०१९ मध्ये ही मुलगी बेळगावातील एका मराठी शाळेत पहिलीत बसली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दुसरीचे वर्ष शाळेचे तोंड न पाहता गेले आणि कागदोपत्री ती आता तिसरीत होती. वडील वडगावातील यंत्रमागावर कामाला. घरात भ्रमणध्वनी एकच, तोही वडिलांबरोबर जाई. रात्री ते परतले की शाळेतून आलेला अभ्यास आई उघडून देई. मुलीला तो जमत नसे, दिवसभर राबलेल्या आईचा हात सुटे, आणि सकाळी पोट दुखे. दोन केसपेपर भरून मी ज्या दुखण्यावर औषधे लिहिली होती, त्याचे निदान एका प्रश्नाने झाले असते. तो प्रश्न मला कोणी शिकविला नव्हता आणि मीही तो विचारला नव्हता.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा एखाद्या आजारावर लिहावे असा विचार होता. परंतु गेल्या काही वर्षांत बालरोगतज्ज्ञ म्हणून मला ज्याने सर्वांत अधिक अस्वस्थ केले तो विषय हा आहे.

प्रथम आपल्या भागातील घटनाक्रम. साथीच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर, ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटक शासनाने 'विद्यागम' योजना सुरू केली. शिक्षकांनी मुलांच्या वस्तीत जाऊन देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली लहान गटांना शिकवावे, अशी ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती. पण संसर्गाच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात ती थांबविण्यात आली. १ जानेवारी २०२१ पासून दहावी-बारावीचे वर्ग भरू लागले. मग दुसरी लाट आली. त्यानंतर २३ ऑगस्ट २०२१ पासून टप्प्याटप्प्याने नववी ते बारावी, ६ सप्टेंबरपासून सहावी ते आठवी, आणि सर्वांत शेवटी, २५ ऑक्टोबरला, पहिली ते पाचवी. म्हणजे अक्षर नुकतेच हाती लागलेली मुले सर्वांहून अधिक काळ, सुमारे एकोणीस महिने, शाळेबाहेर राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जुलै २०२१ मध्येच सांगितले होते की शाळा उघडताना प्राथमिक वर्गांपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल, कारण लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. डॉ. देवी शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालील राज्याच्या तज्ज्ञ समितीनेही जून २०२१ मध्ये टप्प्याने शाळा उघडण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात क्रम उलटा लागला.

याचा सारा दोष शासनाला देऊन मला मोकळे होता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये एका शाळेच्या व्यवस्थापनाने आम्हा दोन-तीन डॉक्टरांना सल्ल्यासाठी बोलाविले होते. लहानांचे वर्ग लहान गटांत अंगणात भरवावेत, त्यासाठी शिक्षणखात्याकडे परवानगी मागावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हणालो, "थोडे थांबावे." इतर दोघांनी मान डोलाविली. थांबा म्हणण्यात डॉक्टरचे काहीच जात नाही. उद्या मूल आजारी पडले तर बोट आपल्याकडे वळेल, ही भीती त्या शब्दामागे होती. तिची मला आज लाज वाटते. थांबण्याचे मोल मुले देणार होती, हे त्या खोलीत कोणी उच्चारले नाही.

आपल्या व्यवसायाच्या इतिहासात याहून धीट माणसे होऊन गेली आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त डॉ. रॉयल कोपलँड यांनी त्या चालू ठेवल्या. सुमारे दहा लाख मुलांपैकी बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या चाळींत राहणारी होती. घरापेक्षा शाळेत हवा आणि उजेड अधिक आहे, शिवाय तेथे मुलाला रोज तपासणारे कोणीतरी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफाइन बेकर यांची शाळातपासणीची यंत्रणा आधीच उभी असल्यामुळे हे शक्य झाले. उलट १९३७ साली शिकागोत पोलिओमुळे शाळा उघडता येईनात, तेव्हा तेथील आकाशवाणी केंद्रांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित केले आणि वृत्तपत्रांनी त्यांचे वेळापत्रक छापले. पण तो प्रश्न काही आठवड्यांचा होता. आमचा एकोणीस महिन्यांचा.

दूरचित्रवाणीवरून पाठ आपल्याकडेही झाले. पण सीमाभागातील मराठी मुलांची अडचण वेगळीच होती आणि ती बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. चंदना वाहिनीवरील पाठांचा मुख्य आधार कन्नड, त्यामुळे पहिली-दुसरीच्या मराठी मुलाला ते कळेनात. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मराठी मालिका सुरू झाली. ज्यांच्या घरी ती दिसे त्यांनी आवडीने पाहिली, परंतु ती बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली आणि आमच्या मुलांच्या दप्तरात कर्नाटकाची मराठी पुस्तके. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वाड्यांवर तर भ्रमणध्वनीला 'रेंज' मिळविण्यासाठी टेकाडावर चढावे लागे, असे तिकडचे पालक सांगत.

झालेली हानी पुढे आकड्यांतही दिसली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने कर्नाटकासह पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ९२ टक्के मुलांनी भाषेतील निदान एक, तर ८२ टक्के मुलांनी गणितातील निदान एक आधी येत असलेले कौशल्य गमावले होते. 'असर' पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले देशभरात २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण पुन्हा २७.१ टक्के झाले. परंतु २०२४ मधील तिसरीची मुले वेगळी आहेत. मधल्या मुलांची वर्षे त्या आकड्याने भरून निघत नाहीत.

आता दवाखान्यात काय दिसले ते सांगतो. शाळा बंद म्हणजे दुपारचे गरम जेवण आणि दूध बंद. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्येच याची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे कोरडा शिधा घरी मिळू लागला. पण घरी आलेला तांदूळ सर्व कुटुंबाचा होतो, तो मुलाच्या ताटात किती पडतो हे घरच्या परिस्थितीवर ठरते. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक गोळ्या यांतही खंड पडला. फिकट ओठांच्या मुली मी त्या दोन वर्षांत पुष्कळ पाहिल्या. दुसऱ्या टोकाला सुस्थितीतील घरांतील मुले वजनाने वाढलेली आणि चष्मा लागलेली. चीनमधील फेइचंग येथे २०२० मध्ये सहा वर्षांच्या मुलांत ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण २१.५ टक्के आढळले. आधीच्या पाच वर्षांत ते ५.७ टक्क्यांच्या वर कधी गेले नव्हते.

त्या काळात मी पालकांसाठी एक पत्रक छापून घेतले होते. दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तासाहून अधिक नको, दर वीस मिनिटांनी दूर पाहावे, रोज उन्हात खेळावे. शास्त्रदृष्ट्या सारे बरोबर. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या आईला मी ते दिले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "एक तास भेटला तर देवच पावला ओ." पत्रक माझ्यासारख्यांच्या घरांसाठी लिहिले गेले होते.

आणखी एक रुग्ण विसरता येत नाही. दहावीतला मुलगा, हात भाजून आलेला. उद्यमबागेतील एका कारखान्यात तो ओतकामाला जाऊ लागला होता. वडिलांचा रोजगार बुडाला होता. जुलै २०२१ मध्ये दहावीची परीक्षा दोन दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांवर झाली आणि जवळजवळ सर्वजण उत्तीर्ण झाले; हाही झाला. पेढे घेऊन आला. पुढे कॉलेजात नाव घातलेस का, असे विचारले तर म्हणाला, "बघू की." जखमेवर मी चांगली मलमपट्टी केली होती. बालमदतीचा १०९८ हा क्रमांक मला ठाऊक होता, त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझी ओळखही होती. मी दोहोंपैकी कोठेही फोन केला नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये आम्ही पाच डॉक्टर व तीन निवृत्त शिक्षिका यांनी एका देवळाच्या उघड्या मंडपात रोज सायंकाळी एक तास मुलांना बसविणे सुरू केले. आम्हा सर्वांच्या लसीच्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या. मुलांना मुखपट्टी, अंतर, आणि ताप-खोकला असेल तर घरी. वीस-बावीस मुले येत. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना इयत्तेप्रमाणे बसविले आणि फसलो. तिसरीचे पुस्तक उघडले की अर्धी मुले खाली पाहत. मग शिक्षिकांपैकी ज्येष्ठ बाईंनी साऱ्यांना एकेक परिच्छेद वाचायला देऊन नवे गट पाडले. ज्यांना अक्षर येते, ज्यांना शब्द येतो आणि ज्यांना वाक्य येते असे तीन गट झाले. इयत्ता विचारायची नाही. चौथीचा मुलगा पहिलीच्या मुलीशेजारी बसला, थोडा लाजला, पण तीन आठवड्यांत वरच्या गटात गेला. मुलांच्या पातळीनुसार शिकविण्याची ही रीत 'प्रथम' संस्थेने पूर्वीच रूढ केलेली आहे आणि अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी तिचा अभ्यास केला आहे, हे मला नंतर कळले. बाईंना ते तीस वर्षांच्या नोकरीने शिकविले होते.

आयांसाठीही बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी आजही सांगतो. आईला अक्षर येत नसले तरी चालेल, भाकरी थापताना मुलाने शेजारी बसून मोठ्याने वाचावे आणि आईने "मग काय झालं?" एवढेच विचारावे. चूक काढायची नाही, हात उगारायचा नाही. पोटदुखीच्या त्या मुलीला मी औषध बंद करून हेच लिहून दिले. महिन्याभरात सकाळची कळ थांबली. वाचन मात्र इतक्या लवकर आले नाही.

ज्या मुलांचे वडील किंवा आई साथीत गेली त्यांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढेच सांगतो, की "बाबा गावाला गेलेत" असे सांगितलेली मुले अंथरूण ओले करीत आमच्याकडे आली, आणि खरे सांगितल्यावर रडून मोकळी झाली. आता मानसिक आधारासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हा नव्हता.

वैद्यकबंधूंना व भगिनींना माझी सूचना लहान आहे. केसपेपरवर वजन व उंचीच्या खाली एक ओळ वाढवावी. इयत्ता कोणती, महिन्यात किती दिवस शाळा बुडाली, घरी मुलाला वाचायला कोण बसवते. पाच वर्षांवरील मुलाला भिंतीवरचे काहीही मधूनच वाचायला सांगावे. अर्धे मिनिट लागते. अडले, तर पालकांच्या संमतीने शाळेतील बाईंना फोन करावा. माझ्या अनुभवात एकाही शिक्षकाने असा फोन कंटाळून घेतलेला नाही. पुन्हा कधी शाळा बंद करायची वेळ आली आणि आपला सल्ला विचारला गेला, तर उघडण्याचा दिवसही त्याच बैठकीत विचारावा आणि लहानांना आधी बोलवावे असे सांगावे.

ती मुलगी २०२४ च्या पावसाळ्यात ताप आला म्हणून आली होती. सहावीत आहे. तपासून होईपर्यंत तिने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरील पाककृती वाचून काढली. 'जिन्नस'पाशी थबकली, दोनदा ओठ हलविले आणि पुढे गेली. आईने विचारले, "मग काय झालं?" मुलगी म्हणाली, "मग तेलात परतायचं."